ऑफर लेटरमधला आकडा

गेल्या ईदला मी मिरजेला माहेरी होते. शीरखुर्म्याच्या वाट्या उचलून होईपर्यंत शेजारचे चाचा आले. चाचा टेम्पो चालवतात. मार्केट यार्डातून हळद, गूळ, जे मिळेल ते भाडं. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद होता. धाकट्या मुलाला कॅम्पसमधून नोकरी लागली होती आणि हे त्याचं ऑफर लेटर होतं. मी पुण्यात कॉम्प्युटरच्या लाइनीत एवढी वर्षं काढलेली, म्हणून कागद मला दाखवायला आणला होता.

"सहा लाख लिहिलंय बेटा. म्हणजे महिन्याला पन्नास हजार, बरोबर ना?"

चाचांनी त्या पन्नास हजारांचा हिशेब आधीच लावून ठेवला होता. पंधरा टेम्पोच्या कर्जाला, पंधरा मुलीच्या लग्नासाठी बाजूला, दहा घरखर्चाला आणि उरलेले दहा पोराला पुण्यात राहायला. मी शेवटचं पान उलटलं. तिथं बारीक अक्षरात तक्ता होता. तो मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला. दर महिन्याला मुलाच्या खात्यात जमा होणार होते ३६,८००.

चाचा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मग बाकीचे कुठं गेले?"

हा प्रश्न आपल्या अनेक घरांत विचारला जातो. मुलं इंजिनिअर होऊ लागली. मुंबईच्या साबू सिद्दीकमधून, पनवेलच्या काळसेकर कॅम्पसमधून, सांगली-कोल्हापूर-सोलापूरच्या कॉलेजांतून दर वर्षी मुलं-मुली बाहेर पडतात आणि घरातली पहिली पगारपत्रकं घेऊन येतात. पगारपत्रक वाचायचं कसं, हे मात्र घरात कुणी शिकवलेलं नसतं. अब्बांची कमाई रोजची किंवा भाड्याची. चाचा-मामू आखातात होते, तिथं ठरलेली रक्कम हातात येत होती. वर्षाला 'पॅकेज' ही चीजच नवी आहे.

सहा लाखांचे ३६,८०० कसे होतात

कंपनी जो आकडा सांगते त्याला सीटीसी म्हणतात. म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षभरात होणारा एकूण खर्च. त्यातला काही भाग तुमच्या हातात येतो, काही भाग पुढे कधीतरी येतो आणि काही भाग कधीच येत नाही.

चाचांच्या मुलाचा तक्ता असा होता. सहा लाखांपैकी ६०,००० व्हेरिएबल पे, म्हणजे कंपनीची आणि तुमची कामगिरी पाहून मिळेल किंवा न मिळेल अशी रक्कम. मूळ वेतन महिना २५,०००. त्याच्या १२ टक्क्यांप्रमाणे कंपनीचा पीएफचा हिस्सा वर्षाला ३६,०००. ग्रॅच्युइटीपोटी १४,४३०. गटविम्याचा हप्ता ९,५७०. झाले १ लाख २० हजार बाजूला. उरले ४ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला ४०,०००. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की ३६,८००.

पीएफ दोन्ही बाजूंचा त्याच्याच नावावर साठतो, ते पैसे बुडत नाहीत. ग्रॅच्युइटी मात्र साधारणपणे पाच वर्षं एकाच ठिकाणी काढल्याशिवाय मिळत नाही, आणि या क्षेत्रातली बरीच पोरं पाच वर्षं एका जागी टिकत नाहीत. म्हणजे ती रक्कम सीटीसीत लिहिलेली असते, पण अनेकांच्या वाट्याला येत नाही. आयकराची काळजी या टप्प्यावर नसते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करपद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर आयकर लागत नाही.

त्याच पत्रात दोन वर्षांचा बाँड होता. मध्येच नोकरी सोडली तर एक लाख रुपये भरा. "हे असले कागद कोर्टात टिकत नाहीत" असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात, ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध ठरवली आहे. त्यामुळे सही करण्याआधी वाचा. अट वाजवी असेल तर करा सही, पण ती आहे हे लक्षात ठेवून.

पहिली पायरी हलतच नाही

मी २००६ साली नोकरीला लागले. त्यानंतर पुण्यात हिंजवडीचे रस्ते भरले, मगरपट्टा उभा राहिला, खराडी ओळखू येईना. एक गोष्ट मात्र जवळजवळ जागेवर राहिली. मोठ्या आयटी सेवा कंपन्या नवशिक्या इंजिनिअरला पंधरा वर्षांपूर्वी तीन-सव्वातीन लाख देत होत्या, आजही सर्वसाधारण भरतीत साडेतीनच्या आसपास देतात. या काळात घरभाडं, दूध, रिक्षा, मेस सगळ्याचे भाव कुठे गेले ते आपण जाणताच.

याचं कारण त्या धंद्यातच आहे. सेवा कंपनी परदेशी ग्राहकाला माणसांचे तास विकते. ग्राहक तासाला ठरावीक दर देतो, त्यातून पगार, जागा, बस, कँटीन वजा जाता जे उरतं तो नफा. दर वर्षी कॉलेजांतून लाखोंनी पोरं बाहेर पडतात, तर पहिल्या पायरीचा भाव वाढवायची कंपनीला गरजच पडत नाही. २०२३ च्या सुरुवातीला विप्रोने तर साडेसहा लाखांवर निवडलेल्या नव्या मुलांना साडेतीन लाखांवर लगेच रुजू होण्याचा पर्याय दिला होता. वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला होता.

पण त्याच कंपन्यांच्या दारात एक दुसरी खिडकीही असते. टीसीएसच्या भरतीत गेली काही वर्षं 'निंजा' आणि 'डिजिटल' असे वेगवेगळे स्तर आहेत. निंजाला ३ लाख ३६ हजार आणि डिजिटलला ७ लाखांच्या घरात. कॉलेज तेच, वर्ग तोच, फरक परीक्षेतल्या अवघड प्रोग्रॅमिंगच्या भागाचा. शेवटच्या वर्षी सहा-आठ महिने त्या भागाची मन लावून तयारी केली तर सुरुवातच दुपटीने होऊ शकते. आपल्याकडे दहावी-बारावीला घर शांत ठेवतात, टीव्ही बंद करतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मात्र "आता काय, झालाच की इंजिनिअर" म्हणून पोराला लग्नाकार्याच्या धावपळीला जुंपतात. माझ्या मते त्या वर्षाची किंमत बारावीपेक्षा जास्त आहे.

वाढ येते ती थोड्या दिवसांत

आता हिशेबाचा मुख्य भाग. समजा दोघी मैत्रिणी ३ लाख ६० हजारांवर एकाच दिवशी लागल्या. पहिली दहा वर्षं तिथेच राहिली आणि दर वर्षी ८ टक्के वाढ मिळाली. दहा वर्षांनी ती पोचते ७ लाख ७७ हजारांवर. दुसरीनेही तेवढंच काम केलं, पण दहापैकी तीन वर्षांत तिने कंपनी बदलली आणि प्रत्येक बदलात ३५ टक्के वाढ घेतली, बाकी सात वर्षं तिलाही ८ टक्केच मिळाले. ती पोचते १५ लाख १८ हजारांवर. दुप्पट, केवळ तीन वेळा बदललं म्हणून.

असं का होतं? जुन्या माणसाची वाढ कंपनी ठरलेल्या अंदाजपत्रकातून वाटते. मॅनेजरच्या हातात दहाजणांसाठी एक रक्कम असते, एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कापायचे. नव्या माणसाचा पगार मात्र बाजारभावाने ठरतो, कारण जागा रिकामी राहिली तर काम अडतं. दोन्ही पैसे एकाच तिजोरीतले, फक्त दोन वेगळ्या कप्प्यांतले.

म्हणून माझा अनुभव असा की सॉफ्टवेअरमधला पगार तीस वर्षं सावकाश वाढत नाही. तो पाच-सहा वेळा वाढतो, प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवसांच्या आत, एखाद-दुसऱ्या फोनवर. त्या दिवसांत माणूस मोकळा आहे का, तयार आहे का आणि आकडा तोंडातून काढू शकतो का, यावर पुढची पाच वर्षं ठरतात.

याचा अर्थ दर वर्षी उड्या मारा असा कुणी घेऊ नये. २०२१-२२ मध्ये तो प्रकार पाहिला आहे. करोनानंतर कामं अचानक वाढली, कंपन्या एकमेकींची माणसं पळवू लागल्या. इन्फोसिससारख्या कंपनीत नोकरी सोडण्याचं वार्षिक प्रमाण जून २०२२ च्या तिमाहीत २८ टक्क्यांवर गेलं होतं. चार वर्षांच्या अनुभवावर पोरं तीन-तीन ऑफर खिशात घेऊन फिरत होती. मग वारं फिरलं. २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं १३ हजारांहून अधिक घटली, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या पदांवरचे लोक जास्त होते. उडी मारून पगार दुप्पट केला पण काम मात्र पहिल्यासारखंच, अशांना नवी नोकरी शोधणं फार जड गेलं. मी स्वतः त्या काळात मुलाखती घेत होते. चार वर्षांत चार कंपन्या, आणि कुठल्याच ठिकाणी एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली नाही, असा बायोडेटा वाचला की पुढे काय विचारावं तेच सुचत नसे.

माझा ठोकताळा असा : पहिली बदली दोन-अडीच वर्षांनी, पुढच्या तीन-चार वर्षांनी. आणि प्रत्येक ठिकाणी "हे मी केलं" असं बोट ठेवून दाखवता येईल असं निदान एक काम.

माझी चूक

आता स्वतःचं सांगते, कारण दुसऱ्याला शहाणपण सांगणं सोपं असतं.

२०११ मध्ये मुलगी झाली. तेव्हा प्रसूती रजा १२ आठवड्यांची होती, २६ आठवड्यांची २०१७ मध्ये झाली. मी नोकरी सोडली. तेव्हा माझा पगार ६ लाख २० हजार होता. दोन वर्षांनी परत निघाले तेव्हा सासूबाई मुलीला सांभाळायला तयार होत्या, पती म्हणाले जरूर कर. मुलाखतीही बऱ्या झाल्या. मग एचआरचा फोन आला. शेवटचा पगार किती होता? मी सांगितला. मध्ये दोन वर्षांचा खंड आहे ना, तर आम्ही ५ लाख ६० हजार देऊ शकू.

मी काय म्हटलं असेल? "थँक यू." फोन ठेवून शुक्राची नमाज अदा केल्यासारखं हलकं वाटलं होतं. नोकरी मिळाली हेच पुष्कळ, असं घरात सगळेच म्हणाले, मीही म्हटलं.

पाच वर्षं तिथं राहिले. काम वाढत गेलं, टीम लीड झाले, रात्री-अपरात्री अमेरिकेच्या ग्राहकाचे फोन घेतले. २०१८ मध्ये अप्रेझलसाठी टीमचा तक्ता माझ्याकडे आला. माझ्या हाताखाली, मीच मुलाखत घेऊन निवडलेला मुलगा १३ लाखांवर होता. मी ९ लाख ४० हजारांवर. अनुभव माझा चार वर्षांनी जास्त.

मॅनेजरकडे गेले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. तक्ता पाहून त्यांनाही अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "मॅडम, तुम्ही कधी काही मागितलं नाहीत. आम्हाला वाटलं तुम्ही समाधानी आहात." त्या वर्षी १८ टक्के वाढ मिळाली. तरीही मी त्या मुलाच्या मागेच. पुढच्या वर्षी मी नोकरी बदलली तेव्हा १७ लाख मिळाले. काम तेच, माणूस तोच.

२०१३ च्या त्या एका फोनवर मी दोन वाक्यं बोलले असते तर? "खंडाच्या आधी मी अमुक काम करत होते. या जागेसाठी बाजारात ७ ते ८ लाख चालू आहेत, मला साडेसात अपेक्षित आहेत." फार तर त्यांनी साडेसहावर आणलं असतं. पुढची प्रत्येक टक्केवारी त्या साडेसहावर चढली असती. सहा वर्षांचा फरक मी एकदा कागदावर मांडला होता. मग तो कागद फाडून टाकला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात २०१८ पासून मालकाला उमेदवाराचा जुना पगार विचारताच येत नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही, सगळे विचारतात. खोटं सांगू नये, ते टिकतही नाही. पे स्लिप मागतात, फॉर्म १६ मागतात, पीएफच्या यूएएन क्रमांकावरून नोकऱ्यांचा इतिहास तपासतात. खरा आकडा सांगावा आणि त्याच श्वासात अपेक्षित आकडा आणि त्यामागचं कारण सांगावं. मग गप्प बसावं. हे गप्प बसणं सर्वांत अवघड. आपल्या मुलींना तर फारच. लहानपणापासून "जास्त मागू नये" हेच ऐकलेलं असतं, आणि समोरची व्यक्ती दोन सेकंद थांबली की आपणच म्हणतो, "थोडं कमी चालेल."

भाव कशाचा असतो

बाजारात भाव जबाबदारीचा असतो. जावा की पायथन, हा वाद पहिल्या दोन-तीन वर्षांपुरता. त्या वर्षांत सांगितलेलं काम नीट करणारा हवा असतो. पुढे असा माणूस हवा असतो ज्याच्यावर एखादा अख्खा भाग सोपवून निर्धास्त राहता येतं, रात्री दोनला यंत्रणा बंद पडली तर जो उठून कारण शोधतो. आठ-दहा वर्षांनंतर पैसे मिळतात ते काय करू नये हे ठरवण्याचे. इथे रस्ता फुटतो. एक मॅनेजरचा, दुसरा आर्किटेक्टचा. आपल्याकडे मॅनेजर झाला म्हणजेच बढती झाली असं समजतात. ज्याला माणसं सांभाळण्याची आवड नाही त्याने हट्टाने मॅनेजर होऊ नये, चांगल्या कंपन्यांत आर्किटेक्टचा पगार मॅनेजरइतका किंवा त्याहून जास्त असतो.

अडकतात ते सपोर्ट प्रोजेक्टमध्ये. दहा वर्षं त्याच बँकेच्या त्याच जुन्या सॉफ्टवेअरची तीच तिकिटं बंद करायची. काम आरामाचं, घर जवळ, बस दारात. अशा माणसाला दहा वर्षांचा अनुभव नसतो, एका वर्षाचा अनुभव दहा वेळा असतो. आता तर साधा कोड लिहून देणारी एआयची साधनं आली आहेत. त्यांनी लिहिलेलं तपासणारा, त्यातली खोट पकडणारा माणूस लागतो, आणि ते यायला मुळात भरपूर लिहिलेलं आणि बिघडलेलं पाहिलेलं असावं लागतं.

सेवा कंपनीतून बाहेर पडायचं असेल तर दोन दारं आहेत. स्वतःचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रॉडक्ट कंपन्या, आणि परदेशी बँका, मोटार कंपन्या, दुकानसाखळ्यांनी आपल्या देशात उघडलेली स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात. २०२४ मध्ये देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रं होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसं काम करत होती. ही केंद्रं माणसांचे तास दुसऱ्याला विकत नाहीत, स्वतःचंच काम करून घेतात, त्यामुळे चांगल्या माणसाला जास्त देणं त्यांना परवडतं. मुलाखती मात्र कडक. प्रोग्रॅमिंगची कोडी, मोठी यंत्रणा कशी रचाल याचे प्रश्न, आणि सगळं इंग्रजीत मोठ्याने विचार करत. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे कोडं सुटलेलं असूनही मागे पडतात, कारण डोक्यात काय चाललंय ते बोलून दाखवायची सवय नसते. ही सवय लागते. फोनवर रेकॉर्डिंग लावून रोज एक कोडं बोलत बोलत सोडवायचं आणि नंतर ऐकायचं. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही, नंतर सुधारतो.

घराचा हात

इतकी वर्षं पाहून मला वाटतं, मुलांचा पगार अडतो त्यात निम्मा वाटा घराचा असतो, आणि तो वाटा प्रेमापोटीच असतो.

नोकरीला दोन वर्षं होत नाहीत तोच फ्लॅट. हप्ता पगाराच्या निम्मा. मग मुलगा नोकरी सोडायला घाबरतो, कारण मध्ये एक महिना गेला तरी हप्ता चुकेल. मॅनेजरलाही ते बरोबर ठाऊक असतं. ज्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे तो फोनवर गप्प बसू शकतो. आमच्या घरात आधी ती रक्कम जमवली, घर नंतर घेतलं. नातेवाइकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

कंपनीचा मेडिकल विमा शेवटच्या दिवशी संपतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं. अम्मी-अब्बा त्याच विम्यावर असतील तर नोकरी बदलण्याच्या मधल्या दिवसांत ते उघडे पडतात. त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी लवकर काढावी, वय आणि शुगर वाढल्यावर महाग पडते.

रिश्त्याच्या बैठकीत पॅकेज सांगण्याची तर नवीच रीत झाली आहे. "लडका पुण्यात आयटीत, अठरा लाख." त्या अठरात व्हेरिएबल असतं, वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागणारा जॉइनिंग बोनस असतो, आणि बाजारात नसलेल्या कंपनीचे ईसॉप असतात, ज्यांची किंमत कंपनी विकली जाईपर्यंत कागदावरच राहते. शेअर बाजारात असलेल्या मोठ्या कंपन्या आरएसयू म्हणून शेअर देतात, ते खरे पैसे. पण ते नावावर होतात त्या दिवशीची किंमत पगारात धरून त्यावर कर लागतो. मुलीकडच्यांनी विचारायचंच असेल तर खात्यात दरमहा किती येतात ते विचारावं.

आणि आखाताशी तुलना. कोकणातल्या घरांत हमखास : "दुबईला याच्या दुप्पट मिळतील." मिळतीलही, तिथं पगारावर आयकर नाही. पण भाडं आणि मुलांच्या शाळेची फी धरून मग दुप्पट आहे का ते पाहावं.

भाचीचा फोन

आपाची मुलगी माझ्याकडेच राहून नोकरी करते. चार वर्षं झाली, साडेसात लाख. सोलापूरहून आपा दर रविवारी फोन करते, त्यात अलीकडे रिश्त्यांचेच विषय जास्त. या उन्हाळ्यात भाचीला बेंगळुरूच्या एका जीसीसीकडून बोलावणं आलं. चार फेऱ्या झाल्या. घरात आधी विरोध. बेंगळुरू लांब, ओळखीचं कुणी नाही, लग्न व्हायचंय. दुल्हाभाईंनी मात्र दोन दिवसांनी स्वतःच शोधून काढलं की उद्यान एक्स्प्रेस सोलापूरहून थेट बेंगळुरूला जाते, एका रात्रीचा प्रवास. रेल्वेत लोको शेडला काम केलेला माणूस, त्यांना गाडी सापडली की शहर जवळ वाटतं. त्यानंतर त्यांनी हरकत घेतली नाही.

एचआरचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. भाचीने फोन स्पीकरवर ठेवला.

"सध्याचा पगार?"

"साडेसात लाख. या कामासाठी मला सोळा अपेक्षित आहेत. पेमेंटचा संपूर्ण भाग मी दोन वर्षं एकटी सांभाळते आहे."

पलीकडे शांतता. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं. पोळी तव्यावर करपत होती.

"हे तर दुपटीपेक्षा जास्त आहे."

भाची काही बोलली नाही.

"मी विचारून कळवते."

तीन दिवसांनी मेल आला. १४ लाख ५० हजार, सगळे निश्चित, व्हेरिएबल नाही. आपाला सांगितलं तर ती आधी खूश झाली, मग म्हणाली, "सोळा मागितले? शरम नाही वाटली तिला?" दुल्हाभाई मागून ओरडले, "मग बारा मागायचे होते काय?"

जुन्या कंपनीचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. नवी कंपनी पंचेचाळीस दिवसच थांबेल. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका होते, ते पैसे नवी कंपनी देणार, हे भाचीने आधी मेलवर लिहून घेतलं. तोंडी घेतलं नाही. काल तिने पीएफचा यूएएन तपासला, दोन जुन्या पे स्लिप सापडत नव्हत्या त्या मागवल्या.

मिरजेच्या चाचांचा मुलगा या महिन्यात हिंजवडीला रुजू झाला. दर शनिवारी तो आमच्याकडे येतो, भाची त्याच्याकडून कोडी सोडवून घेते. आपाने इकडे रिश्त्याच्या मंडळींना निरोप पाठवला आहे की मुलगी बेंगळुरूत स्थिर होईपर्यंत तारखेची घाई करू नये.